गुळाला गाव नाही

दिवाळी अंकांत परदेशप्रवासाचे एखादे पान असतेच, आणि त्या पानावर दर दोन-चार वर्षांनी फ्रान्समधले एखादे द्राक्षांचे गाव हटकून येते. गाव बर्गंडीतले असो, बोर्दोकडचे असो की शाम्पेनमधले, वर्णन ठरलेले. डोंगरउतारावर शिस्तीत उभ्या राहिलेल्या वेली, दगडी घरे, चर्चची घंटा, चपटी टोपी घातलेला आणि घाई म्हणजे काय हे ठाऊक नसलेला म्हातारा, अंगणात मांडलेले लांबलचक मेज, त्यावर पाव, चीज आणि त्याच मळ्यातल्या द्राक्षांचे मद्य. लेखक दोन घोट घेतो (की नुसता वास घेतो, हे अंक घरातले कोण कोण वाचणार यावर अवलंबून असते) आणि शेवटी एक सुस्कारा सोडतो : ‘या लोकांना जगावे कसे ते कळले आहे. नाहीतर आपली खेडी!’

त्या मद्याशी माझे भांडण नाही. त्या म्हाताऱ्याशी तर मुळीच नाही. तो भला गृहस्थ असणार. माझे भांडण आहे ते या सुस्काऱ्याशी.

मी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत ओतीव मालाची तपासणी करतो आणि तिथून तीन-चार मैलांवर, दूधगंगेच्या अंगाच्या एका खेड्यात राहतो. ‘पंचतारांकित’ हे सरकारी नाव ऐकून आमचे पुण्याचे एक व्याही पहिल्या खेपेला इस्त्रीचे कपडे घालून आले आणि पोहण्याचा तलाव कुठे आहे म्हणून विचारू लागले! पाच ताऱ्यांपैकी एकही तारा मला अजून सापडलेला नाही. रात्रपाळीला वर पाहावे तर फौंड्रीचा धूर, आणि खाली पाहावे तर भट्टीच्या ठिणग्या. पण वसाहतीच्या कुंपणापलीकडे दोन पावले टाकली की ऊस सुरू होतो. पुणे-बंगळूर महामार्गापासून हुपरीपर्यंत आणि तिकडे पट्टणकोडोलीच्या शिवारापर्यंत ऊसच ऊस. तेव्हा खेड्यातल्या सुखाविषयी मला बोलता येते, असे मी समजतो.

मागच्या मार्गशीर्षात मुंबईचे एक स्नेही घरी आले होते. नुकतेच बर्गंडी पाहून आलेले. ओसरीवर बसून त्यांनी तासभर तिथली महती सांगितली, आणि ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. तिथे म्हणे एका दगडी कुंपणाच्या अलीकडच्या वेलीचे मद्य वेगळे आणि पलीकडच्या वेलीचे वेगळे. अशा प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव आहे, आणि युनेस्कोने २०१५ साली बर्गंडीतले असे १,२४७ तुकडे जागतिक वारशाच्या यादीत घातले आहेत. हे सांगता सांगता साहेबांनी समोरच्या वाटीतला गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! काय गूळ आहे!”

मी विचारले, “कुठला असेल, सांगा बघू.”

“कुठला म्हणजे? कोल्हापुरी!”

कोल्हापूर जिल्ह्यात तालुके बारा आहेत. नदीकाठची काळी कसदार जमीन आहे, माळाची तांबडी मुरमाड आहे, पाणी आणि खत यांच्या अतिरेकाने खारवटलेली आहे. पन्हाळ्याच्या अंगाचा पाऊस वेगळा आणि शिरोळकडचा वेगळा. चार कोसांवरच्या दोन गावांचा गूळ एका चवीचा कधीच नव्हता. खाऱ्या रानातल्या उसाचा गूळ जिभेला खारा लागतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो, हे इथल्या शेंबड्या पोराला कळत होते. फ्रान्समधल्या एका दगडी भिंतीच्या दोन बाजू ज्यांना जिभेवर ओळखता येतात, त्यांना बारा तालुक्यांचा गूळ एकच वाटतो! दोष मी त्यांना देत नाही. गुळावर गावाचे नाव नसते, तर बिचारे ओळखणार कसे? पण मग ‘नाहीतर आपली खेडी’ हा सुस्काराही त्यांनी सोडू नये.

गुऱ्हाळ हा शब्द ज्यांनी फक्त ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ या अर्थानेच ऐकला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे चरक उभा राहतो. पूर्वी तो बैलांवर फिरे, मग तेलाच्या इंजिनावर, आता विजेवर. चरकातून निघालेला रस काहिलीत जातो. काहील म्हणजे चार-पाच माणसे आत निजू शकतील एवढी पसरट लोखंडी कढई. तिच्याखाली चुलवाण. त्यात वाळलेल्या चिपाडांचे जळण घालीत एक माणूस अखंड बसलेला असतो, तो चुलवाण्या. आणि काहिलीच्या काठाशी उभा राहून जो सगळ्यांना हुकूम सोडतो तो गुळव्या. रस तापला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. मग रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचे चिकट पाणी घालायचे, की उरलीसुरली मळी फेसाबरोबर वर ढकलली जाते. चुना किती घालायचा हे उसावर आणि उसाच्या रानावर ठरते. अडीच-तीन तासांनी रंग पालटतो, बुडबुडा जड होतो, आणि मग गुळव्या दोन थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी करून पाहतो. ती गोळी भांड्यावर टाकली की टक् असा आवाज आला पाहिजे. शास्त्रज्ञ सांगतात की त्या घडीला काहिलीतले तापमान ११८ अंशांच्या जवळपास असते. गुळव्याकडे तापमापक नसतो. दोन अंश इकडे गेले तर ढेप बसत नाही, तिकडे गेले तर करपते, आणि एका आदणात शेतकऱ्याचा काही हजारांचा ऊस उकळत असतो. एक टन उसाचा गूळ निघतो साधारण शंभर-सव्वाशे किलो. त्या सगळ्याचा निवाडा एका माणसाच्या डोळ्यावर, कानावर आणि बोटांच्या चिमटीवर!

आमच्या गुऱ्हाळावरच्या आण्णांना मी लहानपणी विचारले होते, “आण्णा, तुम्हांस्नी कसं कळतं ओ?” ते म्हणाले, “काहील बोलती बाळा. आपण गप बसाय पायजे.”

आता सुखाविषयी. ऊस तोडायला, वाहायला, चरकात घालायला शेजारी येत, आणि त्यांच्या पाळीला आपण जायचे. याला पैरा म्हणतात. मजुरीचा हिशेब नाही, दिवसाचा हिशेब. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला विन्मुख पाठवायचे नाही हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही. वाटसरूला रस मिळे, त्यात आले-लिंबू पिळून. मुले उसाचे कांडे घेऊन काहिलीभोवती घिरट्या घालीत. ते ताज्या गुळात बुडवून, फुंकर मारून खायचे. रताळी चुलवाणाच्या निखाऱ्यांत भाजायची. घरी जाताना तांब्याभर काकवी, आणि दुसऱ्या दिवशी काकवी-भाकरी. पौषातल्या थंडीत चुलवाणाजवळ पाठ शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांचे बोलणे चाले, त्यात गैबी पिराच्या उरसातल्या कुस्त्या असत, भाऊबंदकीचे खटले असत, आणि अशा काही गोष्टी असत की ज्या ऐकू येऊ नयेत म्हणून आम्हांला मुद्दाम रस आणायला पिटाळले जाई. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी या भागातल्या माणसांचे बोलणे मराठी कथेत आणले, ते अशा बैठकींत कान तयार झाल्याशिवाय आणता आले असते असे मला वाटत नाही.

फ्रान्समधल्या त्या लांबलचक मेजात आणि आमच्या चुलवाणाच्या उबेत फरक काय आहे? काम एकत्र करायचे, एकत्र दमायचे, आणि ज्यासाठी दमलो ते पहिल्यांदा आपण चाखायचे. बर्गंडीतही द्राक्षे खुडून झाली की मळेवाला आणि खुडणारे एका मेजावर जेवतात, हे तिथले जुने वळण आहे. हे सुख निसर्गदृश्यात नसते. ते कामातून निघते. उसातून रस निघतो तसे. काम गेले की मागे उरते ते चिपाड.

म्हणूनच हल्ली जे चालले आहे त्याचा मला संताप येतो. शहरातली मंडळी शनिवार-रविवार पैसे मोजून ‘गावाकडचा अनुभव’ घ्यायला जातात. बैलगाडीत बसवतात, चुलीवरची भाकरी खाऊ घालतात. नाशिककडे तर द्राक्षे पायांनी तुडवायला तिकीट काढावे लागते! शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, मिळोत बापडे. पण हे चिपाड चघळणे आहे. रस कुठे गेला, हे त्यात कोणी विचारीत नाही.

मग फ्रान्समध्ये रस कसा टिकला? आमचे प्रवासी लेखक म्हणतात, संस्कृतीने. हवापाण्याने. रसिकतेने. मी म्हणतो, मारामारीने!

१९०७ सालची गोष्ट आहे. दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षे पिकवणारी गावेच्या गावे कर्जात बुडाली होती. कारण? बाजारात खोट्या मद्याचा पूर आला होता. पाणी आणि साखर घालून पिंपेच्या पिंपे वाढवली जात होती. होय वाचकहो, साखर! उत्तरेकडच्या कारखान्यांतली, बिटाची, स्वस्त साखर. त्या वर्षी ११ मार्चला आर्जेलिए नावाच्या खेड्यातले ८७ शेतकरी नार्बोन शहराकडे चालत निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा द्राक्षे पिकवणारा, गावात खानावळ चालवणारा साधा माणूस. पुढे दर रविवारी एकेका शहरात सभा होऊ लागली आणि दर रविवारी माणसे वाढत गेली. ९ जूनला माँपेलिएच्या सभेला पाच लाखांहून अधिक लोक जमले असे सांगतात. पंतप्रधान क्लेमांसोने सैन्य पाठवले, नार्बोनमध्ये गोळीबार होऊन माणसे मेली. आणि मग गंमत अशी झाली की सतराव्या पायदळ पलटणीतले शिपाई त्याच भागातले, शेतकऱ्यांचीच पोरे. त्यांनी बंड केले. जून संपायच्या आत, २९ तारखेला, फ्रेंच सरकारला मद्यातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. साखरेवर जादा कर बसला. कोणी किती मद्य काढले हे गावात जाहीर करणे सक्तीचे झाले.

चार वर्षांनी, १९११ साली, शाम्पेनमध्ये भडका उडाला. तिथले व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून त्यांच्या मद्याला शाम्पेनचे नाव देत होते. शेतकऱ्यांनी गोदामे फोडली, मद्य गटारांतून वाहवले. मोडतोडीचे मी समर्थन करीत नाही. पण ते लोक कशासाठी पेटले होते ते पाहा. भावासाठी तर होतेच, पण त्याहून अधिक नावासाठी. पुढे १९३५ साली कायदाच झाला की अमुक गावाचे नाव बाटलीवर घालायचे तर द्राक्षे त्याच शिवारातली हवीत, वाण ठरलेला हवा, रीत ठरलेली हवी. तो कायदा वरून आलेला नव्हता. शातोनफ-द्यु-पाप या गावाच्या शेतकऱ्यांनी १९२३ सालीच स्वतःवर असे नियम लादून घ्यायला सुरुवात केली होती. आपल्या मद्याची जमीन कोणती, तर जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपे उगवतात ती, इतका त्यांचा हिशेब सोपा होता. हे गाव आपल्या शिवाराला इतके जपते की १९५४ साली उडत्या तबकड्यांची आवई उठली तेव्हा तिथल्या नगराध्यक्षाने हुकूम काढला : आमच्या हद्दीत तबकडी उतरवल्यास ती जप्त करण्यात येईल!

हसू येते ना? मलाही येते. पण आमच्या शिवारात काय काय उतरले, आणि आम्ही काय जप्त केले?

कोल्हापूरचा गूळ काही अनाथ नव्हता. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती व्यापार वाढावा म्हणून, आणि तिथे गुळाची पेठ उभी राहिली. इथला गूळ मुंबईला आणि गुजरातेत मागून घेतला जाई. कोल्हापुरात ऊस आणि गूळ यांच्या संशोधनाचे सरकारी केंद्र आहे. २०१४ साली ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाची भौगोलिक मानांकनात नोंदही झाली, म्हणजे फ्रेंचांना जे मिळाले ते कागदावर आम्हांलाही मिळाले. दर दिवाळीच्या पाडव्याला बाजार समितीत मुहूर्ताचे सौदे निघतात, हार घालतात, पेढे वाटतात, आणि पहिल्या रव्याला बोललेला भाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो. तो भाव हंगामभर कोणाला मिळतो, हे मात्र छापून येत नाही.

आणि त्या नावाखाली काय चालते? गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रोसची पूड पडते. त्याने रंग उजळतो, आणि साठवणीत पुन्हा काळवंडतो. वजन आणि रवा चांगला बसावा म्हणून साखरेची पोती रसात रिकामी होतात. जी साखर ढकलून देण्यासाठी फ्रान्समधली पाच लाख माणसे रस्त्यावर आली, ती आम्ही आपल्या हातांनी काहिलीत ओततो! सीमेपलीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो अशीही ओरड दर हंगामाला होते. त्या गुळाचा मला राग नाही. निपाणीकडचा शेतकरी आमचाच भाऊबंद आहे, त्याचा गूळ चांगला असेल तर त्याने तो ताठ मानेने आपल्या गावाच्या नावाने विकावा. त्याचेही नाव पुसले जाते आणि आमचेही. मधल्यामध्ये ‘कोल्हापुरी’ हा शब्द एवढा पातळ होतो की त्यात आता चव अशी उरलेली नाही.

माझ्या वडिलांनी एका हंगामात चिमूटभरही पूड न घालता गूळ केला. भेंडीचे पाणी आणि चुना, बस्स. रंग तांबूस, मधाच्या अंगावर गेलेला. पेठेत एका अडत्याने रवा फोडून पाहिला आणि म्हणाला, “मामा, काळा पडलाय. खालच्या नंबरात लावू.” वडील म्हणाले, “जरा तोंडात टाकून तर बगा.” त्याने टाकला नाही. त्याला खाण्याशी कर्तव्य नव्हते, गिऱ्हाइकाच्या डोळ्याशी होते. पुढच्या वर्षी वडिलांनी चरक विकला आणि ऊस साखर कारखान्याला घातला. कारखान्याच्या उसाला सरकारने ठरवलेला किमान दर तरी असतो, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार असतो. गुळाला असा आधार नाही. जिल्ह्यात एके काळी हजारावर गुऱ्हाळे होती असे जुने लोक सांगतात. आज संध्याकाळी कागलहून हुपरीला मोटारसायकलवर गेलो तर गुळाचा वास यावा म्हणून नाक वर करून बसावे लागते.

इथे एक ठरलेला आक्षेप येतो. ‘अहो, तुमच्या त्या एमआयडीसीने गावे खाल्ली! पोरे पाळीला जाऊ लागली, गुऱ्हाळावर राबणार कोण?’ हे भाषण मी निदान पन्नास व्यासपीठांवरून ऐकले आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःच्या मुलाला चुलवाणासमोर बसवलेले नाही. चुलवाण्याचे डोळे धुराने जातात. काहील उतरवताना माणसे भाजतात. पैऱ्याचे सुख जमीनवाल्यांचे. ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला पैरा नव्हता, नुसती राबणूक होती. आमच्या कागलच्याच आनंद यादवांनी ‘झोंबी’त (१९८७) लिहिले आहे ते काय आहे? शाळेत जाऊ द्या म्हणून रानातल्या कामाशी आणि स्वतःच्या बापाशी झुंजलेल्या पोराची ती कहाणी आहे. ज्यांना खेडे म्हणजे हिरवागार स्वर्ग वाटतो त्यांनी ती वाचावी आणि मग सुस्कारे सोडावेत. फ्रान्समध्येही सगळे गोड नाही. २०२३ च्या सुगीत शाम्पेनमध्ये उन्हाच्या कहरात मजूर दगावले, आणि त्याच सुगीत परदेशी मजुरांना जनावरांसारखे कोंबून ठेवणाऱ्यांना तिथल्या न्यायालयाने २०२५ साली शिक्षा केली. लांबलचक मेजावर त्यांना जागा नव्हती. हे प्रवासवर्णनात येत नाही.

तेव्हा पोरगा पगाराला, पाळीला, भविष्यनिर्वाह निधीला गेला यात मला काही वावगे दिसत नाही. कोल्हापूरची फौंड्री हीच मुळी गुऱ्हाळाची नात आहे. पंपाची इंजिने, चरकाची चाके दुरुस्त करता करता इथले मिस्त्री ओतकामात शिरले, उद्यमनगर उभे राहिले, आणि तिथून पुढे या वसाहती. आमच्या आण्णांचा मुलगा आज माझ्याच फौंड्रीत भट्टीवर आहे. लोखंडाचा रंग पाहून तो सांगतो की अजून दोन मिनिटे. आणि मागाहून तापमापक लावून पाहावे तर तो बहुधा बरोबर निघतो. बापाचा डोळा आहे तो. फक्त बापाला त्या डोळ्याचे नाव मिळाले नाही, आणि मुलाला मिळते.

नाव कसे मिळते ते सांगतो, कारण माझ्या सबंध म्हणण्याचे मूळ तिथे आहे. आमच्याकडून जो ओतीव नग बाहेर पडतो त्याच्या अंगावर उठावाच्या अक्षरांत फौंड्रीची खूण असते आणि एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून कळते की हा नग कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या ओतणीत निघाला. उद्या हजारो मैलांवर एखाद्या गाडीत तो तडकला, तर पत्र येते, क्रमांक येतो, आणि त्या दिवशी भट्टीवर कोण होते इथपर्यंत शोध लागतो. म्हणून भट्टीवरचा माणूस सावध असतो. आणि चांगल्या मालाचे पत्र आले तर ते फळ्यावर लागते, त्याचीही छाती दोन बोटे वर येते. बर्गंडीच्या भिंतीत आणि आमच्या ओतणीच्या क्रमांकात मला तरी फरक दिसत नाही. पंचतारांकित वसाहतीतल्या लोखंडाला जात, गोत, जन्मतिथी आहे. कुंपणापलीकडच्या गुळाला बापाचे नाव नाही!

आणि नावाची चाड आम्हांला मुळीच नाही असेही नाही. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मांडली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा केवढा गहजब झाला! लेख आले, निवेदने गेली, आणि शेवटी त्या कंपनीला ही घडण भारतातली आहे हे मान्य करावे लागले. ठीकच झाले. पण त्याच दिवशी त्याच घरांत जो गूळ आला त्याचे गाव कोणते, हे त्या गहजब करणाऱ्यांपैकी कितीजणांनी विचारले? परक्याने नाव पुसले तर अपमान, आणि आपण रोज पुसतो तो व्यवहार. हुपरीच्या पैंजणांना बाजारात हुपरीचे म्हणून विचारतात. हुपरीच्या शेजारच्या रानातला गूळ मात्र निनावी.

माझी मागणी लहान आहे. रव्याच्या कागदावर गावाचे नाव असावे, गुळव्याचे नाव असावे, आदणाची तारीख असावी. साखर घातली असेल तर ‘साखर घातलेला’ असे लिहावे. ज्यांना तोच हवा त्यांनी तो खुशाल घ्यावा. पेठेत प्रत लावताना रवा नुसता फोडू नये, चाखावा. यात सरकारी कचेरीची परवानगी लागते असे काही नाही. फ्रान्समध्ये ८७ माणसांनी सुरुवात केली होती. आमच्या एकेका गावात तेवढे तर नुसते सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात.

आणि घरोघरच्या गृहिणींना एक विनंती आहे. माईसाहेब, वहिनी, आक्का, रागावू नका. पण पिवळ्या गुळाचा हा सोस तुमच्या पाटाखालून वाहतो. दुकानात चार ढेपा पुढे ठेवल्या की तुमचे बोट पिवळ्या ढेपेवर जाते. ‘ही काळी नको, जुनी दिसते.’ त्या एका बोटाने इकडे काहिलीत पूड पडते. अनारसा तुपात हसला, विरघळून पसरला, की तुम्ही तांदळाला बोल लावता, पिठाला लावता, सुनेला लावता. एकदा त्या गुळातल्या साखरेलाही लावून पाहा. तांबूस गूळ घ्या. चाखून घ्या. कुठल्या गावचा ते विचारा, आणि दुकानदाराने नुसते ‘कोल्हापुरी’ म्हटले तर पुन्हा विचारा. त्याला सांगता येणार नाही. दहाजणींनी विचारले तर तो अडत्याला विचारील, आणि अडत्याला गावात यावेच लागेल.

यावर घरातले कर्ते पुरुष म्हणतील की अशाने गूळ महाग होईल. होईल ना! किलोमागे दहा-वीस रुपयांनी होईल. अर्धा किलो तांदळाच्या अनारशांना गूळ लागतो तेवढाच अर्धा किलो. तेव्हा पाच-दहा रुपयांचा प्रश्न आहे, आणि ते रुपये परदेशी कोणाकडे जायचे नाहीत; ते आमच्या आण्णांच्या हातावर पडायचे आहेत. आण्णा आता थकले आहेत, पण डोळा अजून शाबूत आहे. यंदा आमच्या गावात एक चरक पुन्हा उभा राहतो आहे. भट्टीवरचा त्यांचा मुलगा दुसरी पाळी संपवून रात्री काहिलीवर येणार आहे, आणि कागदावर गावाचे नाव छापून घ्यायचे काम माझ्याकडे दिले आहे.